ताटात आहे, पण पोटात जात नाही

दिवस मावळताना आपल्याच गावातून एक फेरी मारून पाहा. कापूस वेचून आलेल्या बाया घरोघरी चुली पेटवत असतात. एखाद्या ओसरीत मात्र तुम्हाला वेगळं चित्र दिसेल. माय पाय लांब करून बसलेली आहे आणि सहा-सात वर्षांचं लेकरू तिनं तान्ह्या पोरासारखं पायावर आडवं घेतलं आहे. त्याचं डोकं मागे लोंबतंय, तोंड आढ्याकडे. हातपाय काठीसारखे ताठ, मुठी आवळलेल्या. माय एका हातानं गाल दाबून तोंड उघडते, दुसऱ्या हातानं वरणात कुस्करलेली भाकर आत ढकलते. निम्मं बाहेर येतं. मग ठसका. डोळ्यांत पाणी, ओठ काळेनिळे. थोडं थांबून पुन्हा घास. एक वाटी संपायला तास लागतो, आणि वाटी संपली म्हणजे ती पोटात गेलीच असंही नाही.

"खातच नाही जी, म्या तरी काय करू?" ही माय तुम्हाला सांगेल. "मले का हौस हाय का त्याले उपाशी ठेवाची? ठसका लागते न् मंग डोये पांढरे करते. भेव वाटते."

या लेकराला सेरेब्रल पाल्सी आहे. मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. हजार जन्मांमागे दोन-तीन मुलांना तो होतो, असं जगभरचा अनुभव सांगतो. ढोबळ हिशेब मांडला तर तीन हजार वस्तीच्या गावात अशी एक-दोन मुलं असायलाच हवीत. आपल्या दिसण्यात येत नाहीत, कारण ती घरातच असतात. लग्नात नाहीत, जत्रेत नाहीत, शाळेच्या हजेरीपटावर तर नाहीतच.

कुणाचं पाप नाही

जन्मल्यावर बाळ लवकर रडलं नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. फार लवकर, कमी दिवसांचं जन्मलं. पहिल्या आठवड्यात कावीळ वाढून मेंदूत गेली. किंवा तान्हेपणी मेंदूज्वर झाला. अशा कारणांनी वाढत्या मेंदूच्या काही भागाला इजा होते. त्यामुळे स्नायूंवरचा ताबा जातो. इजा वाढत नाही, पण बरीही होत नाही. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून हे होत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या लेकराला तापल्या सळईचे चटके देतात. त्यानं फक्त जखम होते, आणि आधीच अशक्त असलेलं मूल आणखी खचतं.

१८६२ साली विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरनं अडचणीचं बाळंतपण आणि मुलांचे ताठर हातपाय यांचा संबंध लिहून ठेवला होता. आपल्याकडे १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला, मालिनी चिब यांना, हाच आजार. पुढे मालिनीताई उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाल्या. हे इथं मुद्दाम सांगतो, कारण अशा मुलाला "येडं" म्हणून मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. हातपाय आणि जीभ ऐकत नाही याचा अर्थ डोकं चालत नाही असा नाही. काहींना बुद्धीची अडचण असते, काहींना अजिबात नसते. "पाणी पाहिजे" एवढं सांगता येत नाही, इतकंच. पण त्या "इतकंच"मध्येच मूल सुकत जातं.

लोकांना हातपाय दिसतात. मालीश करतात, बुवाबाबा करतात, कुणी बेल्टचे बूट आणतात. तोंड आणि घसा हेही स्नायूंनीच चालतात, हे लक्षात येत नाही. ओठ मिटत नाहीत म्हणून लाळ गळते. जीभ घास मागे न्यायच्या ऐवजी पुढे ढकलते. चमचा दाताला लागला की जबडा एकदम घट्ट मिटतो. आपण म्हणतो पोरगं हट्टी आहे, थुंकून देतंय, चावतंय. ते थुंकत नाही आणि चावतही नाही. त्याचा त्यावर ताबा नाही.

सगळ्यात मोठा धोका आत असतो. घास गिळताना श्वासाची वाट बंद व्हावी लागते. ती वेळेवर झाली नाही तर अन्न-पाणी फुप्फुसात उतरतं. कधी ठसका लागतो, तर कधी तोही लागत नाही, गुपचूप उतरतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी छाती भरते, ताप येतो, घरघर सुरू होते. घरचे म्हणतात सर्दी लागट प्रकृती आहे. वाफ, बाम, तालुक्याच्या डॉक्टरची सुई. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशा मुलांच्या मृत्यूमागे बऱ्याचदा हा न्यूमोनिया असतो, आणि त्याचं मूळ भरवण्याच्या रीतीत असू शकतं.

पाकिटानं पोट भरत नाही

अमरावती जिल्ह्याला कुपोषण हा शब्द नवा नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून धारणी-चिखलदऱ्याचे दौरे, अहवाल आणि योजना चालूच आहेत. मूल अंगणवाडीत तोललं जातं, दंडाचा घेर मोजला जातो. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली घेर गेला की तीव्र कुपोषित म्हणून नोंद होते आणि जादा आहार सुरू होतो. बाकीच्या मुलांसाठी हे ठीकच आहे.

पण मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलाचं दुखणं निराळं. घरात धान्य आहे, अंगणवाडीचं पाकीटही आलंय, नडतं ते गिळणं. जे मूल वाटीभर आंबील एका तासात कसंबसं गिळतं, त्याला दोन वाट्यांचं पाकीट देऊन काय होणार? ते पाकीट धाकटा भाऊ खातो किंवा शेरडाच्या पुढ्यात जातं. सरकारी कागदावर मात्र आहार दिला म्हणून खूण होते. ताईंचाही दोष नाही, त्यांना भरवण्याची रीत कुणी शिकवलीच नाही. आणि सहा वर्षं पूर्ण झाली की अंगणवाडी सुटते. शाळेत मूल जात नाही. म्हणजे ज्या वयात वजन सगळ्यात जास्त मागे पडतं, त्याच वयात त्याला तोलणारं कुणी उरत नाही.

तोलणं मात्र घरीही जमतं. माय पोराला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहील, मग एकटी उभी राहील, वजाबाकी केली की झालं. किराणा दुकानदाराला विचारा, तो नाही म्हणणार नाही. कॅलेंडरवर महिन्याच्या महिन्याला आकडा लिहून ठेवा. दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही, किंवा घटलं, तर तो आकडा घेऊन डॉक्टरकडे जा. "खात नाही" या तक्रारीपेक्षा तो आकडा डॉक्टरला जास्त सांगतो. मात्र शेजारच्या पोराशी तुलना करू नका. अंग सदा ताठ पण हालचाल कमी असलेल्या मुलाला थोडं कमी अन्न पुरतं. ज्याचे हातपाय दिवसभर आपोआप वळवळत राहतात त्याला जास्त लागतं.

बसवा, मग भरवा

आता मुख्य गोष्ट. एवढा एक भाग कापून ठेवलात तरी चालेल.

मुलाला आडवं ठेवून भरवू नका. पायावर घेणं ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत, आणि बोंडल्यानं दूध पाजायची सवय त्यातलीच. चार महिन्यांच्या सुदृढ बाळाला ती कशीबशी चालून गेली. पण मान मागे पडली की श्वासाची वाट सताड उघडी राहते. तुम्हीच एकदा मान मागे टाकून, छताकडे बघत पाण्याचा घोट घेऊन पाहा. मग मान किंचित पुढे झुकवून घ्या. फरक लगेच कळेल. नाक दाबून तोंड उघडायला लावणं तर साफ बंद करा.

बसवायला महागडी खुर्ची लागत नाही. दोन भिंतींचा कोपरा घ्या, दोन्ही बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावा. मूल पाटावर बसवा, पाय लोंबते ठेवू नका, तळव्याखाली वीट किंवा पाट द्या. कमरेत काटकोन, गुडघ्यात काटकोन, मान सरळ आणि हनुवटी जराशी खाली. गावात सुतार असेल तर दोन फळ्या काटकोनात ठोकून कोपऱ्याची बैठक करून देईल, पुढे छोटा पाट लावला की हात त्यावर टेकतात. वय वाढलं की बैठकही मोठी करा. भरवणाऱ्यानं समोर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. उभं राहून वरून भरवलं की मूल मान वर करतं, आणि आपण पुन्हा होतो तिथंच येतो.

चमचा चपटा आणि लहान असावा. जबडा घट्ट मिटणाऱ्या मुलाला स्टीलचा नको, दात दुखावतात. जाड, न तुटणाऱ्या प्लास्टिकचा घ्या. अर्धाच चमचा भरा. जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच खाली दाबा आणि ओठ मिटायची वाट पाहा. मिटत नसतील तर हनुवटीखाली आपल्या बोटाचा आधार द्या. चमचा वरच्या दातांवर खरवडून काढू नका. मुलानं चमचा धरून ठेवला तर ओढाताण करू नका. थांबा, मान थोडी पुढे घ्या, जबडा सैल होतो. पहिला घास गिळून तोंड रिकामं झालं, श्वास घेतला, की मगच दुसरा.

जेवण झाल्यावर लगेच निजवू नका, अर्धा तास तरी बसतं ठेवा. कपड्यावर जेवण उलटून येत असेल, रात्री आंबट वास येत असेल, तर डॉक्टरला सांगा, त्यावर औषध आहे. आणि तोंड रोज स्वच्छ करा. "याले काय दात घासाचे" म्हणून सोडू नका. तोंडातली घाणच लाळेबरोबर छातीत उतरते. फिट्सच्या काही औषधांनी हिरड्या फुगतात, त्यांना तर जास्तच जपावं लागतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बाई बसेल का एवढा वेळ? वेचणीच्या दिवसांत किलोवर मजुरी मिळते. सकाळी घर सोडलेली माय सांजेला येते. दिवसभर भरवायचं काम आजी करते, नाहीतर नऊ-दहा वर्षांची बहीण, जिची शाळा त्यापायी सुटलेली असते. या गोष्टीवर कुणी अहवाल लिहीत नाही. म्हणून शिकवायचं तर फक्त मायलेकाला नको, जो हात खरोखर भरवतो त्या हाताला शिकवावं लागेल. आणि बापानंही एक वेळचं जेवण अंगावर घ्यावं. पारावर बसून कपाशीच्या भावाची चर्चा अर्धा तास उशिरा सुरू झाली तर भाव काही पडत नाहीत.

शिकवून फरक पडतो का? बांगलादेशात ढाक्यामध्ये अशा मुलांच्या पालकांना, आपल्यासारख्याच गरीब घरांतल्या, कमी खर्चात भरवण्याचं शिक्षण दिलं गेलं. त्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या छातीच्या तक्रारी कमी झाल्या, जेवताना मुलं जास्त साथ देऊ लागली, आणि आयांवरचा ताण उतरला. यंत्र नाही, ऑपरेशन नाही. बैठक, चमचा आणि धीर, एवढ्यावर.

भाकर, वरण आणि पाणी

खाण्यात काय द्यावं याची उत्तरं आपल्याच घरात आहेत. फक्त पातळ-घट्टचं गणित समजून घ्यावं लागतं. वरणाच्या पातळ पाण्यात भाताची शितं किंवा भाकरीचे तुकडे हे अशा मुलासाठी सगळ्यात अवघड. पाणी आधी घशात धावतं, तुकडा मागे राहतो, आणि ठसका लागतो. दोन्ही एकजीव पाहिजे. मुगाची खिचडी मऊ शिजवून, घोटून घ्या. ज्वारीच्या कण्या, तुरीचं घट्ट वरण, दुधातली रव्याची लापशी, उकडलेला बटाटा, केळं, पपई हे सगळं चालतं. चमचा उलटा केला तर सावकाश घसरावं, धार लागू नये, इतकं घट्ट. चावायला शिकलेल्या मुलाला हळूहळू जाडंभरडं द्या, सगळ्यांना कायम पीठच नको.

पोटात मोजकंच जातं तर त्या मोजक्यात ताकद भरा. चमचाभर तेल किंवा तुपात जवळजवळ पंचेचाळीस कॅलरी असतात. वाटीभर खिचडीत एक-दोन चमचे फल्लीचं तेल किंवा तूप घाला, फल्लीच्या दाण्याचं अगदी बारीक कूट घाला (अख्खे दाणे कधीच नको, ते श्वासनळीत अडकतात). अंडं खात असाल तर उकडून, कुस्करून, वरणात घोटा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी करा. एक जेवण अर्ध्या तासापेक्षा लांबू लागलं तर थांबा. त्यापुढे मूल थकतं, आणि थकलेलं मूल चुकीचं गिळतं. निव्वळ दुधावर ठेवलेली मुलं या भागात पुष्कळ आहेत. "दूध तेवढं पिते जी" म्हणून माय समाधान मानते. पण दुधात लोह नाही म्हणण्यासारखं आहे, आणि नुसत्या दुधानं शौच खडा होतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहायला पाहिजे. अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपण दिवसातून वीसदा माठाकडे जातो. या मुलाला मागता येत नाही. पाणी पातळ, त्यानं ठसका लागतो, म्हणून घरचे भीतीनं कमी पाजतात. वर "सारखं कपडे ओले करते" हेही कारण असतंच. मग लघवी पिवळीधमक, शौच चार-चार दिवस नाही. पोट तट्ट फुगलं की भूक मरते, आणि पुन्हा "खातच नाही". पाणी थांबवू नका, घट्ट करा. भाताची पेज, ज्वारीची पातळसर आंबील, घोटलेल्या भाताचं ताक चमच्या-चमच्यानं दिवसभर द्या. पेला वापरता येत असेल तर एक सोपी युक्ती आहे. मऊ प्लास्टिकचा पेला घ्या, एका बाजूची कड अर्धगोल कापा आणि कापलेली बाजू नाकाकडे धरा. नाक पेल्याला लागत नाही, म्हणून मान मागे न टाकता पाणी पिता येतं. कापलेली कड मात्र घासून गुळगुळीत करा.

घरात कोंडलेल्या मुलाला ऊन मिळत नाही आणि हाडांवर भार पडत नाही. अशी हाडं कपडे बदलतानाही मोडू शकतात. सकाळी अंगणात बाज टाकून त्याला बसवा. माणसं दिसली की खाण्याचीही इच्छा होते, हा तर आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

नळी म्हणजे हार नाही

काही मुलांना एवढं करूनही पुरेसं गिळता येत नाही. छाती वारंवार भरते, वजन उतरत राहतं. तेव्हा डॉक्टर नाकातून किंवा पोटाला छोटं छिद्र पाडून नळीनं अन्न द्यायचं सुचवतात. नळीचं नाव काढलं की घरात रडारड होते, आता संपलं म्हणून. खरं तर नळीमुळे मुलाचं पोट भरतं, औषधं नीट जातात आणि मायचे दिवसाचे चार-पाच तास वाचतात. डॉक्टरांनी परवानगी दिली तर जिभेला चवीपुरतं बोट लावताही येतं. पोटाच्या नळीसाठी नागपूरसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. खर्च, मुक्काम, आणि गावी परतल्यावर नळी निघाली तर कोण बघणार, हे प्रश्न खरे आहेत. ते तिथंच, नळी बसवण्याआधी, डॉक्टरांना विचारून घ्या.

वझ्झरचं घर

अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ वझ्झर आहे. तिथं शंकरबाबा पापळकर यांनी अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृह चालवलं. रेल्वे स्टेशनवर, बसस्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली अपंग मुलं पोलिसांमार्फत तिथं आली. बाबांनी त्यांना स्वतःचं नाव लावलं, लग्नं लावून दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, यासाठी ते वर्षानुवर्षं सरकारशी भांडले. हा गाडगेबाबांचा जिल्हा, भुकेल्याला अन्न हे बाबांच्या शिकवणीतलं पहिलं. त्याच जिल्ह्यात उकिरड्यावर मूल सापडतं, हेही आपलंच. टाकणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. सहा वर्षं, दिवसातून पाच तास भरवून थकलेल्या बाईला कुणी एकदा तरी विचारलं होतं का?

कुठं जायचं

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. पथक येणार त्या दिवशी घरात असलेलं मूल तिथं न्या, लाजू नका. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. तिथं फिजिओथेरपी आणि बोलण्या-गिळण्याचं काम बघणारी माणसं असणं अपेक्षित आहे. जागा रिकामी असेल तर तसं लेखी मागा. अमरावतीला इर्विन, डफरीन आणि पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याला लेडी हार्डिंग आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, ही ठिकाणं तुम्हाला माहीत आहेतच. बाळंतपण तिथं झालं असेल तर बाळ रडायला उशीर झाल्याचा, काविळीचा कागद जपून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी हा स्वतंत्र प्रकार धरलेला आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय विमा आहे, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचार बसतो. तपासणीच्या दिवशी रांग लांब असते. मुलाचं जेवण, घट्ट पेजेचा डबा, चपटा चमचा आणि कापलेला पेला सोबत न्या. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा नुसतं सांगू नका, त्यांच्या समोर दोन घास भरवून दाखवा.